सरांना बदल करू द्या. अर्जावरची माझी सही मी मागे घेतो

प्रति,
शाळेची क्रीडा समिती, संस्थेचे पदाधिकारी
आणि फुटबॉल संघातल्या मुलांचे सर्व पालक,
सोलापूर

सप्रेम नमस्कार.

येत्या शनिवारी क्रीडा समितीची बैठक आहे आणि तिच्यापुढे पालकांचा एक अर्ज येणार आहे. अर्ज दीड पानाचा आहे, पण मागणी थोडक्यात अशी: सामन्यात ठरलेले अकरा खेळाडूच शेवटपर्यंत खेळवावेत, दुखापत झाल्याशिवाय कुणाला बाहेर काढू नये, आणि सरांना हे पटत नसेल तर पुढच्या हंगामासाठी दुसरा प्रशिक्षक बघावा. त्या अर्जावर सातवी सही माझी आहे. उपांत्य सामना हरलो त्याच संध्याकाळी, मैदानाच्या फाटकाबाहेर, मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून मी ती केली. ती मी मागे घेतो आहे. सही चारचौघांत केली होती, म्हणून मागे घेतानाही चारचौघांत घ्यावी असं वाटलं, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

मी यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा. माझा मुलगा दहावीत आहे आणि संघाचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू आहे. त्या दिवशी सरांनी ज्याला बाहेर काढलं, तो माझाच मुलगा.

ज्यांनी सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपण २-१ने पुढे होतो. दुसऱ्या हाफची अठरा मिनिटं झाली होती, बारा उरली होती. मैदानात गवताची काडी नाही, दुपारचे अडीच वाजलेले, ऑक्टोबरचं ऊन. सरांनी चेंज मागितला आणि माझ्या मुलाचा नंबर दाखवला. त्याच्या जागी आठवीतला तो काटकुळा, डाव्या पायाने खेळणारा मुलगा आत गेला. तोही मागे बचावाला नाही, तर पुढे डाव्या बाजूला. मागे चाराचे तीन झाले. नंतरच्या सात मिनिटांत आपल्यावर दोन गोल झाले आणि आपण ३-२ने हरलो.

चेंज होत असताना दोरीपाशी उभा राहून मी ओरडलो, "हे काय करलालेत सर?" माझ्या मागून आणखी पाच-सहा जण ओरडले. तो आठवीतला मुलगा तेव्हा लाइनवर उभा होता, बूट रेफरींना दाखवत होता. त्याने मान वळवून आमच्याकडे बघितलं. ते बघणं मी त्या दिवशी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला घरी गेल्यावर लागला.

घरी मुलगा पाय गरम पाण्यात घालून बसला होता. मी सरांबद्दल बोलायला लागलो तर तो म्हणाला, "पप्पा, मीच हात वर केला होता. दोन्ही पोटऱ्या आखडल्या होत्या. हाफटाइमनंतर मला त्यांच्या फॉरवर्डच्या मागं पळताच येत नव्हतं." म्हणजे सरांनी दमलेल्या मुलाला सावलीत बसवलं होतं आणि मी त्यांच्याविरुद्ध कागदावर सही करून आलो होतो. त्याने आणखी एक सांगितलं, जे मला दिसूनही लक्षात राहिलं नव्हतं. शेवटच्या मिनिटाला डाव्या बाजूने चेंडू घेऊन आत घुसून ज्याने गोलच्या आडव्या बारवर फटका मारला, तो हाच आठवीतला मुलगा. चार बोटं खाली असता तर ३-३ झाले असते आणि आपण सगळ्यांनी सरांना खांद्यावर घेतलं असतं.

आता गेल्या वर्षाचा सामना आठवा. हाच संघ, हेच सर. सहाव्या मिनिटाला आपला गोल झाला आणि सगळे मागे आले. आपल्या डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीच्या पुढे नऊ जण उभे. बाकावर सहा मुलं पिवळी जाळीची बनियनं घालून बसलेली. एकही बदल झाला नाही. शेवटच्या आठ मिनिटांत आपल्या मुलांचे पाय उचलत नव्हते, आणि समोरच्या शाळेने दोन गोल घातले. हरलो. त्या दिवशी आपण सरांना एक शब्द बोललो नाही. उलट पोरांनी जीव तोडून खेळ केला म्हणून आम्ही पालकांनी पैसे काढून सगळ्यांना पावभाजी दिली. बाकावरची सहा मुलंही खात होती. त्यांचे मोजे धुतल्यासारखे पांढरे होते.

तेव्हाही एका गोलाने हरलो, आणि यंदाही एका गोलानेच. काही न करता हरलेल्या सरांना आपण पावभाजी दिली, काहीतरी करून हरलेल्या सरांवर अर्ज. हे मला आठ दिवस टोचत होतं. आपण त्यांना यातून काय शिकवतो आहोत? पुढच्या वेळी हात बांधून उभे राहा, म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही, हेच ना?

गेल्या वर्षापासून यंदापर्यंत सर बदलले आहेत, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. यंदाच्या पहिल्या सामन्यात ०-१ने मागे असताना हाफटाइमलाच त्यांनी उजवा बॅक काढून फॉरवर्ड घातला आणि आपण २-१ने जिंकलो. दुसऱ्या सामन्यात बरोबरी असताना दोन बदल एकदम केले. संघाचा सराव बघायला मी मधूनमधून सकाळी जातो. मंगळवारी आणि गुरुवारी ते मुलांना दोन वेगवेगळ्या मांडण्यांत खेळवतात. आधी मागे चार, मग शिट्टी वाजली की मागे तीन. तिन्ही भाषांत ओरडाआरडा चालतो, मराठी, तेलुगू आणि कानडी, आणि मुलांना सगळं समजतं. उपांत्य सामन्यातला तो बदल सरांना मैदानात उभ्या उभ्या सुचलेला नव्हता. तो महिनाभर घोटलेला होता.

मी फुटबॉल फार खेळलो नाही. शाळेत असताना दोन वर्षं राखीव होतो, एवढंच. पण मी सामने बघतो, रात्रपाळी नसेल तेव्हा जागून बघतो. म्हणून दोन-चार मोठ्या सामन्यांबद्दल सांगावंसं वाटतं. कारण अर्जात एक वाक्य आहे, "मोठ्या संघांत असले प्रकार चालत नाहीत." हे खरं नाही.

इंग्लंडच्या संघाचे तेव्हाचे मॅनेजर गॅरेथ साउथगेट यांचंच बघा. ११ जुलै २०२१, वेम्बली स्टेडियम, युरो कपचा अंतिम सामना इटलीशी. दुसऱ्याच मिनिटाला ल्यूक शॉने गोल केला. त्यानंतर इंग्लंडचा संघ हळूहळू मागे सरकत गेला. ६७व्या मिनिटाला बोनुचीने बरोबरी केली. इटलीचा जोर वाढत होता तरी साउथगेट यांनी बाकावरचे ताजे पाय काटकसरीने वापरले. मग १२०व्या मिनिटाला, फक्त पेनल्टीसाठी म्हणून, रॅशफोर्ड आणि सांचोला आत पाठवलं. दोघांच्याही पायाला चेंडू नीट लागला नव्हता तोवर त्यांना पेनल्टी मारायची वेळ आली. दोघांच्या हुकल्या. नंतर १९ वर्षांच्या साकाची अडवली गेली. इटली ३-२ने जिंकली. त्या रात्री या तीन मुलांना त्यांच्या कातडीच्या रंगावरून इंटरनेटवर जी घाण ऐकावी लागली, ती आठवली की मला आमचं दोरीपाशी उभं राहून ओरडणं आठवतं. आमचं ओरडणं लहान होतं. ऐकणारा मुलगाही लहान होता.

तेच साउथगेट तीन वर्षांनी, २०२४च्या युरोमध्ये. सुरुवातीच्या सामन्यांत त्यांचा संघ पुन्हा अंग चोरून खेळत होता आणि मायदेशात टीका चालली होती. पण पुढे ते बदलत गेले. ६ जुलैला स्वित्झर्लंडविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात त्यांनी आधीची मांडणी मोडून मागे तीन बचावपटू ठेवले. ७५व्या मिनिटाला गोल खाल्ल्यावर तीन मिनिटांत तिघांना एकदम आत घेतलं: पामर, शॉ आणि एझे. ८०व्या मिनिटाला बरोबरी झाली. केली कुणी? त्याच साकाने. सामना पेनल्टीवर गेला, इंग्लंडने पाचही मारल्या, आणि त्या पाचांत साकाची एक होती. उरलेल्या चारांपैकी पामर, टोनी आणि अलेक्झांडर-अरनॉल्ड हे तिघं बाकावरून आलेले.

चार दिवसांनी डॉर्टमुंडला नेदरलँड्सविरुद्ध उपांत्य सामना. १-१ बरोबरी. ८१व्या मिनिटाला साउथगेट यांनी कर्णधार हॅरी केनलाच बाहेर बोलावलं. देशासाठी सगळ्यात जास्त गोल करणारा माणूस, स्पर्धेचा उपांत्य सामना, आणि त्याला काढलं. त्याच्या जागी वॉटकिन्स आला, फोडेनच्या जागी पामर. ९०व्या मिनिटाला पामरने पास दिला आणि वॉटकिन्सने गोल केला. अंतिम सामन्यातही पामर ७०व्या मिनिटाला आला आणि ७३व्या मिनिटाला त्याने स्पेनशी बरोबरी साधून दिली. तो सामना मात्र इंग्लंड २-१ने हरलं, कारण ८६व्या मिनिटाला स्पेनच्या ओयार्साबालने गोल केला. ओयार्साबालसुद्धा बाकावरूनच आला होता.

मला या सगळ्यात लागलं ते हे की माणूस एकच आहे. २०२१ला जो शेवटच्या मिनिटापर्यंत थांबला, तोच २०२४ला वेळेवर हात उचलायला शिकला. मध्ये तीन वर्षं गेली, आणि एवढ्या मोठ्या पराभवानंतरही त्याच्या वरिष्ठांनी त्याला ती दिली. आपले सर एका वर्षात तेवढं शिकले आहेत आणि आपण त्यांना एका सामन्यावरून घालवायला निघालो आहोत.

जपानचं उदाहरण तर आपल्या सामन्याशी जास्त जुळतं. २३ नोव्हेंबर २०२२, कतारमधला विश्वचषक, समोर जर्मनी. पहिल्या हाफला जपान ०-१ने मागे आणि चेंडूही मिळत नव्हता. प्रशिक्षक हाजिमे मोरियासू यांनी हाफटाइमला एक बचावपटू वाढवला आणि मागे तीन केले. बचावपटू आला म्हणजे संघ घाबरला, असं बघणाऱ्याला वाटेल. पण मागचे तीन पक्के झाल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंना एकेक करून हल्ला करणारे आणले. डावीकडे नागातोमो या बचावपटूच्या जागी मितोमा हा विंगर, उजवीकडे साकाईच्या जागी मिनामिनो. मध्ये असानो आणि दोआन. ७५व्या मिनिटाला मितोमाचा पास, मिनामिनोचा फटका, गोलकीपर नॉयरने अडवलेला चेंडू दोआनने आत मारला. तिघंही बाकावरून आलेले. ८३व्या मिनिटाला असानोचा गोल, तोही बाकावरचा. जपान २-१ने जिंकला.

आता प्रामाणिकपणे पुढचंही सांगतो. चार दिवसांनी कोस्टा रिकाविरुद्ध मोरियासू यांनी पाच खेळाडू बदलून संघ उतरवला आणि जपान १-०ने हरला. त्यांच्यावर भरपूर टीका झाली. पुढचा सामना स्पेनशी होता, आणि हाफटाइमला पुन्हा ०-१ने मागे. माणूस घाबरून जाता तर तिथे हात आखडता घेतला असता. त्यांनी हाफटाइमलाच दोआन आणि मितोमाला आत घेतलं. ४८व्या मिनिटाला दोआनचा गोल. ५१व्या मिनिटाला मितोमाने लाइनवरून, चेंडू बाहेर गेला असं सगळ्यांना वाटत असताना, मागे वळवून दिला आणि तानाकाने गोल केला. जर्मनी आणि स्पेन दोघांनाही हरवून जपान गटात पहिला आला. कोस्टा रिकानंतर एखादा अर्ज मंजूर झाला असता तर तो सामना आपल्याला बघायला मिळाला नसता.

आणि हे फक्त परदेशातलं नाही. आपल्या हैदराबाद रोडने सरळ गेलं की तीनशे किलोमीटरवर एक शिक्षक होऊन गेले, सय्यद अब्दुल रहीम. आपल्या भवानी पेठेतल्या, अशोक चौकातल्या निम्म्या घरांची सोयरीक तेलंगणातली आहे, तिथल्या म्हाताऱ्यांना हे नाव ठाऊक असायला हवं. रहीम शाळेत शिकवायचे, आणि तेच भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांचा संघ चौथा आला. १९६२ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत जर्नेल सिंग या आपल्या स्टॉपरच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. त्या काळी सामन्यात खेळाडू बदलायची सोय नव्हती. रहीम सरांनी काय केलं? त्या जखमी स्टॉपरला उपांत्य आणि अंतिम सामन्यात सेंटर फॉरवर्ड म्हणून पुढे खेळवलं. दोन्ही सामन्यांत त्याने गोल केला. ४ सप्टेंबर १९६२ला दक्षिण कोरियाला २-१ने हरवून भारताने सुवर्णपदक घेतलं, आणि त्यातला एक गोल जर्नेलचा, एक पी. के. बॅनर्जींचा. त्या वेळी रहीम सर कर्करोगाने आजारी होते, पुढच्याच वर्षी जूनमध्ये गेले. डोक्याला टाके पडलेल्या स्टॉपरला पुढे खेळवायचं ठरवलं तेव्हा दोरीपाशी माझ्यासारखा कुणी उभा असता तर तो काय ओरडला असता, याचा मी विचार केला.

खेळाडू बदलणं हा फुटबॉलचा अगदी जुना भागही नाही. विश्वचषकात १९७०पासून बदली खेळाडू आले, तेही दोनच. १९९५पासून तीन झाले. २०२०ला करोनाच्या काळात पाच केले, आणि ते इतके उपयोगी ठरले की २०२२पासून नियमच झाला. आता ९० मिनिटांच्या सामन्यात मोठ्या संघाचा प्रशिक्षक जवळजवळ अर्धा संघ बदलू शकतो. म्हणजे जगभर नियम करणाऱ्यांनीच दार उघडलं आहे, आणि आपण आपल्या सरांसाठी ते लावायला निघालो आहोत. नियमांच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, जी मुलांसाठी फार मोलाची आहे: लहान वयाच्या आणि हौशी फुटबॉलमध्ये, देशाच्या संघटनेची मान्यता असेल तर, बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. आपल्याकडच्या निमंत्रित स्पर्धांच्या संयोजकांशी समितीने याबद्दल बोलावं. माझा मुलगा दहा मिनिटं सावलीत बसून, पाणी पिऊन, पोटऱ्या चोळून पुन्हा आत गेला असता तर कदाचित तिसरा गोल झाला नसता.

उन्हाचं तर वेगळं सांगायला नको. २९ जून २०१४ला ब्राझीलमध्ये, फोर्टालेझाच्या उकाड्यात, नेदरलँड्स मेक्सिकोविरुद्ध ०-१ने मागे होतं. पाणी पिण्यासाठी सामना थांबवला तेवढ्या वेळात प्रशिक्षक लुई व्हॅन गाल यांनी कर्णधार व्हॅन पर्सीला काढून हुन्टेलारला घातलं आणि मांडणी बदलून सांगितली. ८८व्या मिनिटाला बरोबरी आणि ९० मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत हुन्टेलारच्या पेनल्टीवर विजय. ते सगळे कसलेले, पगारी खेळाडू होते, तरी त्यांना पाणी आणि ताजे पाय लागले. आपली मुलं चौदा-पंधरा वर्षांची, सकाळी चहा-बिस्कीट खाऊन आलेली, सोलापूरच्या उन्हात, फुफाट्यात. त्यांच्याकडून आपण अर्जात लिहून मागतोय की दुखापत होईपर्यंत बाहेर यायचं नाही.

कारखान्यात धागा तुटला की मी माग तिथेच थांबवतो. टॉवेल पूर्ण होऊ दे, मग बघू, असं म्हटलं तर टॉवेल वाया जातो. आणि गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत आपण दरवर्षी जे बघतो ते आठवा. ६८ लिंगांच्या वाटेने सात नंदीध्वज, म्हणजे उंच, जड काठ्या निघतात. ती काठी पेलायला अंगात केवढी ताकद लागते ते तुम्हाला मी सांगायला नको. पण एकच माणूस ती शेवटपर्यंत नेतो का? बाराबंदी घातलेले पेलणारे बदलत जातात, आणि पहिल्याचे गुडघे वाकायच्या आधी बदलतात. महिना-महिना आधीपासून सराव असतो. ज्याच्याकडून काठी घेतली त्याचा अपमान झाला असं कुणी मानत नाही. घेणाऱ्याकडे बघून कुणी ओरडत नाही. उलट सगळे हात जोडतात. मग हीच समज आपण मैदानावर का विसरतो?

एका बाजूने अर्ज लिहिणाऱ्यांचंही मला कळतं. दहावीला क्रीडा गुण मिळतात, जिल्ह्यातून विभागाला, विभागातून राज्याला गेलं तर मुलाच्या नावापुढे काहीतरी लागतं. हातातला सामना गेला की तेही गेलं. माझ्याही मुलाचं हे शेवटचं वर्ष आहे, आणि रात्री झोपताना तो हिशोब माझ्याही डोक्यात चालतो. पण बाकावरच्या मुलांना काय मिळतं तेही बघा. यादीत नाव, पण पायाला धूळ नाही. मी दोन वर्षं असा बसलो आहे. पहिल्या वर्षी वाटायचं, आज बोलावतील. दुसऱ्या वर्षी मी बुटाची नाडीसुद्धा घट्ट बांधत नव्हतो. तिसऱ्या वर्षी मी गेलोच नाही, आणि आमच्या सरांना मी येत नाही हे दोन आठवडे कळलंही नाही. आत्ताच्या सरांना बाकावरच्या सहाच्या सहा मुलांचा कुठला पाय चालतो, हे ठाऊक आहे. मी त्यांना विचारलं होतं, त्यांनी एका दमात सांगितलं.

सर चुकतच नाहीत असं माझं म्हणणं नाही. उपांत्य सामन्यात मागे तीन झाल्यावर मधल्या फळीतल्या उजवीकडच्या मुलाला खाली यायचं होतं, ते त्याला नीट सांगितलं गेलं नाही, असं माझ्या मुलाचं म्हणणं आहे, आणि दोन्ही गोल त्याच बाजूने झाले. हे सरांना विचारावं. बदल का केला यापेक्षा बदल केल्यावर बाकीच्या दहा जणांना काय सांगितलं, हा प्रश्न योग्य आहे, आणि तो आपुलकीने विचारता येतो. १९७०च्या विश्वचषकात इंग्लंड पश्चिम जर्मनीविरुद्ध २-०ने पुढे होतं. बेकेनबाउअरने एक गोल फेडल्यावर लगेच इंग्लंडचे मॅनेजर रॅम्सी यांनी बॉबी चार्ल्टनला बाहेर काढलं आणि इंग्लंड ३-२ने हरलं. त्या बदलावर आजही लोक भांडतात. पण त्याच सामन्यात जर्मनीचा बाकावरून आलेला ग्राबोव्स्की इंग्लंडच्या दमलेल्या बॅकला उजव्या बाजूने सतत मागे टाकत होता, हे फार थोडे लोक सांगतात. एकाच दुपारी एका प्रशिक्षकाचा बदल फसला आणि दुसऱ्याचा लागला. म्हणून बदल करायचेच नाहीत, असं काही त्यातून निघत नाही.

समितीला माझी विनंती आहे. हा अर्ज दप्तरी ठेवावा आणि सरांना पुढची दोन वर्षं याच पद्धतीने संघ खेळवू द्यावा. हंगामातल्या प्रत्येक सामन्यात यादीतल्या प्रत्येक मुलाला थोडा तरी वेळ मैदानात मिळावा, आणि तो हाफटाइमच्या आसपास मिळावा, शेवटच्या मिनिटाला नव्हे, एवढं सरांना सांगावं. मला वाटतं त्यांना सांगायचीही गरज नाही. सामना दुपारी लावायचा असेल तर प्रत्येक हाफमध्ये पाण्यासाठी थांबावं, हे संयोजकांकडून लिहून घ्यावं. पाण्याचे दोन जार मी माझ्या खर्चाने आणेन.

पालकांना विनंती एवढीच की आपला मुलगा बाहेर येत असेल तर टाळी त्याच्यासाठी वाजवा, आणि जो आत जातो आहे त्याचं नाव घेऊन वाजवा. नावं पाठ करायला लागतील. मला त्या आठवीतल्या मुलाचं नाव ठाऊक नव्हतं, मी आमच्या मुलाला विचारलं.

तो मुलगा सामन्यानंतर दोन दिवस सरावाला आला नाही. तिसऱ्या दिवशी मी पहाटे त्याच्या घरी गेलो. त्याची आई विड्या वळते, सूप मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर त्याला म्हणालो की मी चुकलो, मी तुझ्यावर ओरडलो नव्हतो पण तू ऐकलंस, आणि तुझा तो बारवरचा फटका मी पाहिला. तो काही बोलला नाही. बूट घालून माझ्या गाडीवर मागे बसला. गुरुवारी सरांनी शिट्टी वाजवल्यावर मागे तीन झाले, तेव्हा तो डाव्या बाजूला होता आणि माझा मुलगा त्याला मागून ओरडून सांगत होता की मी आहे, तू जा.

शनिवारी मला दुसरी पाळी आहे. बैठक चार वाजता आहे, मी पाळी बदलून घेतली आहे. अर्जावरची सातवी सही मी तिथे येऊन खोडणार आहे.

आपला नम्र,
एक पालक, इयत्ता दहावी